कुट्टीचं लाल बटण

सोजरबाई : दार फुटायच्या आत खरं बोल, विश्वजीत. तुझ्या चुलत्याची, सोनबाची, चार बोटं तू बनवलेल्या कडबाकुट्टीत गेली. त्यानं बंदचं लाल बटण दाबलं हुतं का न्हाय?

विश्वजीत : मी सगळ्यांना सांगितलंय आजी, काकांनीच हात आत घातला.

सोजरबाई : बटण इचारलं मी.

विश्वजीत : ...दाबलं होतं. मशीनमध्ये नोंद आहे.

आयुष (दाराबाहेरून) : आज्जे, बाहेर काढ त्याला. माझ्या बापाची चार, तर ह्याची आठ तोडतो.

सोजरबाई : गज आवर, आयुष. दाराला पोचा पडला तर तुझी कातडी ताणून लावीन तिथं. हां, बोल. मग मशीन का थांबलं न्हाय?

विश्वजीत : प्रोग्राममध्ये दोन थ्रेड आहेत. दोन कामकरी समज. एक मोटर फिरवतो, एक बटण बघतो. मोटरचं लॉक एका वेळी एकाकडेच. दुसऱ्यानं थांबायचं.

सोजरबाई : थांबायचं कसं?

विश्वजीत : एक तर झोपायचं. लॉक सुटलं की ऑपरेटिंग सिस्टिम उठवते. नाहीतर स्पिन लॉक, जागेवर उभं राहून सारखं विचारायचं, सुटलं का, सुटलं का. झोपण्या-उठण्यात जरा वेळ जातो, म्हणून मी स्पिन लावलं. लॅपटॉपवर मस्त चाललं.

सोजरबाई : आन् हितं?

विश्वजीत : लॅपटॉपला आठ कोअर. मशीनच्या बोर्डाला एकच, एका वेळी एकच जण काम करणार. त्यात बटणवाल्याला मीच वरचा मान दिलेला. तो विचारतच राहिला, मोटरवाल्याला लॉक सोडायला पाळीच मिळाली नाही.

सोजरबाई : म्हंजी चूल एकच, आन् थोरली तिच्यासमोर ठाण मांडून, झालं का, झालं का करती. धाकटीनं भाकरी उतरवायची कुठनं?

विश्वजीत : हो. तसंच. मारू नकोस ना, आजी.

सोजरबाई : ही थोबाडीत चुकीची न्हाय. सोनबाच्या माथी मारलंस, त्याची हाय. असली किती मशिनं दिलीस लोकास्नी?

विश्वजीत : अकरा. पण आता सांगितलं तर माझी कंपनी संपली. मी गुपचूप दुरुस्त करतो...

सोजरबाई : वैरणीची वेळ झाली. लाव फोन माझ्यासमोर. कुट्टी लावू नका, चूक माझी, एवढंच बोल. एक शब्द जास्त बोललास तर मीच कडी काढीन.

विश्वजीत : ...दहा जणांनी ऐकलं. मेन स्विच पाडला म्हणाले. थेऊरचे उचलत नाहीत.

सोजरबाई : आयुष, कडी काढतीय. गज खाली ठेव.

आयुष : तोडल्याबिगर सोडायचा न्हाय मी ह्याला.

सोजरबाई : तोड की, आल्यावर. आधी गाडीवर घाल आन् थेऊरला ने. तिथं कुणाचा तरी बाप आत्ता वैरण लावत असंल.