गाऱ्हाण्यातली सुनीता

माझ्या लेकीचं नाव पाळण्याआधीच चोरीला गेलं होतं. वाडीत तेव्हा साऱ्या भागीरथी नि यशोदा. 'सुनीता' हे नवं नाव मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मुलगी सुखरूप झाली तर हेच ठेवीन, असा देवीला नवस होता, म्हणून बदलताही येईना. आणि आमच्या बारशाआधीच धाकट्या जावेने आपल्या लेकीचं नाव सुनीता ठेवलं! मग शेजारणीनेही तेच. जावेकडे मी तिरकंच बघू लागले. शेवटी विचारलं, "गो, माजा नाव तुका कोणी सांगल्यान?"

"वयनी, तुज्या नवसाचा गाराणा गुरवान देवळात नावासकट मोठ्यान घातल्यान. आमी सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हटला. इसारलंस?"

कशी विसरेन? सर्वांत मोठ्याने मीच म्हटलं होतं. आता एक हाक मारली की तीन सुनीता धावत येतात.