एसीची पाठ

"खिडकीबाहेर एसी दिसला तर दंड, असं ठरवणाऱ्या आपल्या कॉलनीच्या कमिटीनंच माझी झाडं भाजली, ऑर्विल."

मिशिगनमधल्या हार्डवेअर दुकानाच्या रांगेत, त्या दोघा म्हाताऱ्यांच्या मागेच, कमिटीची अध्यक्ष लॉरेटा उभी होती. तिनं टोपी खाली ओढली.

"मग एसी ठेवलास कुठे, डेल?"

"गांजाच्या खोलीत, टेबलावर."

"अख्खा? अरे गाढवा, तो पुढून गार फुंकतो आणि मागून गरम. खोलीची भट्टी केलीस. त्याची पाठ खिडकीबाहेर हवी, आणि कडेच्या फटी फोमपट्टीनं बुजवायच्या."

"बायकोच्या सांधेदुखीचं औषध आहे रे ते, आपल्याकडे कायद्यानं घरी लावता येतं. चारच झाडं उरलीत. पण ती कमिटीवाली बया..."

बोलता बोलता डेल मागे वळला.

"अध्यक्षबाई, तुमच्या टोपलीत फोमपट्टी कशाला हो? तुमच्या एसीची पाठ कुठे असते?"