उठलाच आहात तर

मंडळी, आधी हात शालीतून बाहेर काढा. टाळी वाजवायची आहे. काढले? तिकडं खांबाला टेकलेले माकडटोपीवाले काका, तुम्हीसुद्धा! टोपी असू द्या, हात तेवढे बाहेर. या थंडीत हात हलले नाहीत तर तोंडही उघडत नाही, मग हरीचं नाव घ्यायचं कशानं? वाजवा. हां... आता जरा मंडपात ऊब आली.

आज मी एक प्रश्न घेऊन उभा आहे. शरीर सांभाळावं, हे सगळेच सांगतात. डॉक्टर सांगतो, शास्त्र सांगतं, घरची माणसं सांगतात. पण कोणासाठी? ज्या माणसासाठी आपण धडधाकट राहायचं, तेच माणूस निघून गेलं, तर मग हे गुडघे, ही पाठ, हे हातपाय राखायचे कोणासाठी? 'देवासाठी' असं पटकन म्हणू नका. देवाचं नाव पुढं करून सुटता येतं. मीही सुटलोय कधीकधी. आधी गोष्ट ऐका, मग उत्तर द्या.

निफाडच्या बाजूचं एक गाव. तिथली थंडी म्हणजे काय विचारता! पौषात पहाटे गाडीच्या टपावरचं दव गोठतं. द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, घडांना ऊब द्यायला. त्या गावात सखाहरी रायते नावाचे पोस्टमन होते. गाव त्यांना तात्या म्हणायचं. बत्तीस वर्षं सायकलवरून पाच गावांचं टपाल वाटलं आणि रिटायर झाले. पोटऱ्या अशा घट्ट, की कुत्रं चावायला आलं तर दातांचा विचार करून परत जाईल! हसा, हसा. हसल्यानंही अंग गरम होतं.

त्यांची बायको झुंबरबाई. अंगानं ठेंगणी, आवाजानं मोठी. आणि तिच्या तोंडात एक वाक्य कायम. तात्या खुर्चीतून उठले, चष्मा शोधायला म्हणा, पेपर घ्यायला म्हणा, नुसती पाठ मोकळी करायला म्हणा, की स्वयंपाकघरातून आवाज यायचाच — 'उठलाच आहात तर...'

उठलाच आहात तर गच्चीवर टाकी भरली का बघून या. उठलाच आहात तर बाजरीचा डबा खाली काढा. उठलाच आहात तर फाटकाशी मेथीवाली आलीय, दोन जुड्या घ्या. — बायामंडळी हसताहेत बघा. तुमच्याच तोंडातलं वाक्य आहे ना? आणि पुरुषमंडळी का हसत नाहीत, तेही मला ठाऊक आहे!

हिवाळा आला की झुंबरबाईचा कारभार आणखी वाढायचा. सकाळी तिळाचं तेल कोमट करून तात्यांच्या गुडघ्यांना चोळायची. पण ते फुकट नाही. तेल लागलं की अंगणात, उन्हात दहा फेऱ्या. फेऱ्या झाल्या की मग डिंकाचा लाडू. खिडकीतून स्वतः मोजायची. आठव्या फेरीला तात्या लाडवाकडं वळले, तर लाडू परत डब्यात.

रिटायर झाल्यावर अकरा हिवाळे असे गेले. तात्या कुरकुरायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, सरकारनं मला रिटायर केलं, हिनं नाही केलं, या घरात माणसाला उभं राहायची चोरी आहे.

आणि मग एका माघात झुंबरबाई गेली. छातीत कफ झाला, चार दिवस दवाखान्यात होती, आणि गेली.

मंडळी, माणूस गेलं की रडू येतं, ते सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा घरात लोक असतात, धरायला हात असतात. पण दुसरं एक असतं, ते मागाहून येतं. तात्यांना ते दिवाळीनंतर आलं, पहिली थंडी पडली तेव्हा. सकाळी ते खुर्चीतून उठले. उभे राहिले. आणि आतून काही आलं नाही. सून आत भांडी लावत होती, तेवढाच आवाज. तात्या तसेच उभे. थोडी वाट बघितली. मग खाली बसले. कोणी काही सांगत नाही, तर उठून करायचं काय?

हे मला कोणी सांगितलं, ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशीपासून तात्यांनी खाट धरली. आजार नाही, ताप नाही. नुसती खाट.

आता सुनेबद्दल सांगतो. सुवर्णा तिचं नाव. गुणी पोर. नवरा कैलास सकाळी सातलाच कामावर जायचा, घर तिच्यावर. सासऱ्याला मामा म्हणायची, सासूला आत्याबाई. तिनं काय केलं? चहा खाटेवर. हातपाय धुवायला गरम पाणी खाटेपाशी. जेवण खाटेवर. पेपर उशाशी. तात्यांनी पाय खाली सोडला की धावत यायची आणि म्हणायची, तुम्ही बसा मामा, मी आहे ना. गावात नाव झालं तिचं. शेजारच्या कौसाबाई दारोदार सांगत फिरायच्या, सून असावी तर अशी, सासऱ्याचा पाय जमिनीला लागू देत नाही!

ऐकलंत का मंडळी? पाय जमिनीला लागू देत नाही. हे कौतुक आहे का शिक्षा आहे?

मार्गशीर्ष सरेपर्यंत तात्यांचे गुडघे धरले. मोरीपर्यंत जायचं तर एक हात भिंतीला, एक सुनेच्या खांद्याला. सायकलवाल्या पोटऱ्या सैल पडल्या. डॉक्टर घरी येऊन बघून गेला. त्यानं सगळं कागदावर लिहून दिलं. बसल्या जागी पाय लांब करा, भिंतीला धरून टाचा उचला, ऊन अंगावर घ्या, घरातल्या घरात चाला, कोमट पाणी प्या. आणि जाताना सुवर्णाला बाजूला घेऊन म्हणाला, "हा हिवाळा यांनी खाटेवर काढला, तर पुढं उचलायला चार माणसं लागतील."

चार माणसं कधी लागतात, ते मी सांगायला नको.

तात्यांनी तो कागद नीट वाचला. पोस्टमनच तो, हातात आलेला कागद वाचल्याशिवाय राहायचा नाही. वाचला, घडी घातली, उशीखाली सारला. सुवर्णाला म्हणाले, "पोरी, मला आता कुठं जायचंय? तिच्याकडंच ना? तिकडं चालत जावं लागत नाही."

सुवर्णा त्यांची उशी सारखी करून आत गेली.

तिला औषध ठाऊक होतं. या घरात सहा वर्षं तिनं ते रोज कानांनी ऐकलं होतं. पण सुनेनं सासऱ्याला काम सांगायचं? जीभ रेटेना तिची. दोनदा दारापर्यंत आली, पदर सारखा केला. तात्यांनी मान वर करून बघितलं, आणि ही म्हणाली, काही नाही मामा, पडा तुम्ही. आत जाऊन स्वतःवरच चिडली.

मग एक दिवस तिनं काय केलं, ऐका. चहा केला, आणि नेला नाही. कपात ओतला, ओट्यावर झाकून ठेवला. तात्या खाटेवर वाट बघताहेत. आठ वाजले, साडेआठ वाजले. खोकून बघितलं, कप नाही आला. तेवढ्यात कौसाबाई डोकावून गेल्या, आणि दुपारपर्यंत अर्ध्या गावाला कळलं की रायत्यांची सून सासऱ्याला चहा देत नाही. कालपर्यंत देवी होती, आज कैदाशीण झाली! संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं. हिनं त्याला ताट वाढलं. तात्यांचं जेवण वेळच्या वेळी नेलं, चहा नाही. दुसऱ्या दिवशी तेच.

तिसऱ्या दिवशी तात्यांना राग आला. आणि मंडळी, राग वाईट म्हणून आम्ही कीर्तनकार रोज सांगतो, पण खाटेवरच्या माणसाला राग येणं हे बरं लक्षण आहे. तात्या उठले. एक हात भिंतीला, एक पाय ओढत, दाराची चौकट धरली, मग फडताळ धरलं, दम खाल्ला, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभे राहिले. मनात वाक्यं तयार होती. तुझ्या सासूनं असं कधी केलं नसतं, हे पहिलं.

आत सुवर्णा जमिनीवर बसली होती. गॅसवर तोच चहा तिसऱ्यांदा गरम होत होता. आणि हिच्या तोंडाला पदर.

तात्यांची सगळी वाक्यं गेली. एवढंच म्हणाले, "का गं?"

"आत्याबाईंनी सांगितलं होतं, मामा."

"काय सांगितलं होतं?"

"दवाखान्यात. म्हणाल्या, यांना लाडानं बसवशील आणि घालवशील. काम सांगत जा त्यांना. मी म्हटलं, मला नाही जमायचं. तर म्हणाल्या, जमव." सुवर्णानं नाक पुसलं. "मला नाही जमलं. म्हणून चहा ठेवला."

मग सुवर्णानं आणखी एक गोष्ट सांगितली. गच्चीवरच्या टाकीला कैलासनं सात वर्षांपूर्वीच फ्लोट बसवला होता. टाकी भरली की पाणी आपोआप बंद होतं. तात्या तेव्हा पुण्याला बहिणीकडं गेले होते, त्यांना कोणी सांगितलं नाही. झुंबरबाईला पक्कं ठाऊक होतं. तरी रोज सकाळ-संध्याकाळ ती त्यांना वर पाठवत होती.

सहा वर्षं, मंडळी! अठरा पायऱ्या वर, अठरा खाली. तात्या दमून खाली यायचे आणि सांगायचे, भरलीय. आणि ती पोळपाटावरून मान वर न करता म्हणायची, बरं झालं बघितलंत. सहा वर्षं बाई खोटं बोलली, आणि त्या खोट्यावर याचे गुडघे चालले. आपण चिडलो, आपण टोमणे मारले, आणि तिनं एकदाही सांगितलं नाही की हे तुमच्यासाठी आहे.

तात्या तिथंच पाटावर टेकले. चहा प्यायले. कप खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "अजून काय म्हणायची?"

मंडळी, या माणसाला भूक लागली होती. सुवर्णाला ती दिसली. ती काय म्हणाली असेल? ती म्हणाली, "पुष्कळ आहे. पण एका दिवसाला एकच सांगीन. आणि उद्याचं जिन्याच्या पहिल्या पायरीवर, उन्हात."

बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे निरोप दारात नेऊन दिले त्या माणसानं. आता स्वतःच्या निरोपासाठी तो चालायला लागला.

पहिल्या पायरीवर त्यांना कळलं, की त्यांच्या सायकलची घंटा झुंबरबाई मारुतीच्या देवळापासून ओळखायची आणि मगच तव्यावर भाकरी टाकायची, म्हणून त्यांना जन्मात कधी गार भाकरी मिळाली नाही. अंगणात कळलं, की त्यांच्या घोरण्याला ती शिव्या द्यायची खरी, पण घोरणं थांबलं की तिलाच जाग यायची. एक गोष्ट ऐकायला भिंत धरून वीस वेळा टाचा उचलाव्या लागल्या. एकीसाठी टोपलीभर वाटाणा सोलावा लागला, आणि वाटाणा संपेपर्यंत सुवर्णानं तोंड उघडलं नाही. तेल तात्या आता आपल्या हातानं चोळायचे. कौसाबाईंनी गावात सांगितलं, आता सासऱ्याकडून वाटाणे सोलून घेते! सुवर्णानं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट वाटाणे आणले.

संक्रांतीला तात्या जिन्याच्या मध्यापर्यंत पोचले. पौष सरता सरता गच्चीवर.

माघ आला. झुंबरबाईचं वर्षश्राद्ध दोन दिवसांवर होतं. गच्चीवर ऊन छान पडलं होतं. तात्या कठड्याला हात लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होते, आणि सुवर्णा टाकीशी उभी होती. तात्या म्हणाले, सांग की.

"मामा, माझ्याजवळचं संपलं," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यातलं सगळं मी मनानंच रचून सांगितलं."

"ठाऊक आहे मला."

"कसं?"

"ती माझ्याबद्दल इतकं गोड कधी बोलायची नाही."

सुवर्णाला हसूही आलं आणि रडूही आलं. मग तुम्ही रोज वर कशाला येत होतात, असं तिनं विचारलं. तात्यांनी आणखी एक फेरी पुरी केली.

"मलाही सांगायचं होतं गं. तिच्याबद्दल. कोणी विचारतच नाही. सगळ्यांना वाटतं, विचारलं तर म्हातारा रडेल." मग म्हणाले, "रडेन मी. पण चालता चालता रडेन. तू चल माझ्याबरोबर."

आणि दोघं चालायला लागले. तात्यांनी सुरुवात केली ती लग्नाच्या दिवसापासून. मांडवात झुंबरबाईनं यांच्या बुटांकडं बघून काय म्हटलं होतं, तिथपासून.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच द्या. शरीर राखायचं कोणासाठी? जी गेली ती आता राहते कुठं? देवळात नाही, फोटोत नाही. सखाहरी तात्यांच्या तोंडात राहते. ते तोंड मिटलं की त्यांच्या बुटांवरून ती जे बोलली, तेही गेलं. म्हणजे ती दुसऱ्यांदा गेली. गेलेल्या माणसाच्या मागं निघून जाण्यात प्रेम नाही, मंडळी. मागं राहून त्याला सांभाळायचं असतं, आणि त्याला पाय लागतात.

आणि आता तुमच्याकडं वळतो. तुमच्या घरी खाटेवर कोण आहे? आई आहे? वडील? तुम्ही स्वेटर आणलात, लाडू केलेत, पायात मोजे घातलेत, फार चांगलं केलंत. पण त्यांना शेवटचं काम कधी सांगितलंत? आणि त्यांचं जे माणूस गेलंय, त्याचं नाव त्यांच्यासमोर शेवटचं कधी काढलंत? आज घरी जा आणि दोन्ही करा. वाटाणे पुढ्यात ठेवा आणि विचारा, ती कशी होती हो? रडले तर रडू द्या. उन्हात घेऊन चला आणि रडू द्या.

आणि ज्यांनी स्वतःच खाट धरलीय, त्यांना मी काय सांगू? थंडी आहे. गुडघे दुखतात. उठून करायचं काय, हेही कळत नाही. मला ठाऊक आहे.

चला, आता आरती आहे. आरती बसून घ्यायची नसते. ज्यांना उठवत नाही, त्यांना शेजारच्यानं हात द्या. नाव देवाचं घ्या, आणि मनात जिचं किंवा ज्याचं येतंय, तेही घ्या, देवाला चालतं. सावकाश उठा. घाई नाही. मी उभाच आहे.