शेवटची नळी

नाही, नाही, मिस्त्री, प्लग एवढ्यात काढू नका — जरा टेका ना त्या स्टुलावर. जुना फ्रीझर न्यायला आलात, न्याच, मी कुठं नको म्हणतोय? नवा चांगलाच आहे. वीज निम्मी खातो, आवाज इतका कमी, की चालू आहे का हे दिव्याकडं बघून ठरवायचं. हा जुना म्हणजे आयतोबा जावई — खातो घरभराचं आणि वर घोरतो! हसलात ना? एरवी मी कुणाशी एवढं बोलत नाही हो, आज काय झालंय कोण जाणे.

अडचण एवढीच, की लॅबच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, चालू कामाचे रक्ताचे नमुने तेवढे नव्यात हलव, बंद पडलेल्या अभ्यासाचे टाकून दे. बरोबरच आहे त्यांचं, उगाच वीज कशाला जाळायची? सगळं हलवलं मी. ही एक नळी राहिली. बघा — बोटाच्या पेराएवढी. बर्फ बसलाय, थांबा, हातमोजा काढून अंगठ्यानं पुसतो. नाव नसतंच म्हणा, नंबर असतो. पण मला माहीत आहे ना. कुणाची? अशीच... एका बाईचं रक्त. आजार कुणालाच कळेना, म्हणून अभ्यासाला ठेवलेलं. बाई म्हणजे — माझी ताई. गेली ती. मी शाळा सोडून घरी बसलो होतो, तेव्हा स्वतःच्या आजारपणातच डॉक्टरबाईंच्या मागं लागून तिनं मला इथं चिकटवलं.

मला कळतं हो, रक्त म्हणजे माणूस नव्हे. पण आईला कोण सांगणार? तिच्या लेखी ताई या नळीतच आहे. घरी गेलो, की चपला काढायच्या आत विचारते, 'बरी आहे ना रे ती?' मी म्हणतो, 'बरी आहे.' दुसरं काय म्हणू? आता नव्यात मागच्या कोपऱ्यात ही एवढीशी सरकवली, तर काय बिघडणार आहे? तुम्ही थोडंच सांगणार आहात बाईंना? की विचारूच त्यांना? — नाही म्हणणार नाहीत, चांगल्या आहेत त्या — पण त्यांच्यासमोर माझी जीभच उचलत नाही, तिथंच घोडं अडलंय — आणि एकदा वितळलं की संपलं, म्हणून तर घाई करायची असते, असं हातात धरून उभं —

थांबा.

आत हलतंय. मिस्त्री, हे बघा, तिरकी केली की — पाणी झालं.

...काढा प्लग. काढा ना, बघताय काय?