टेबलावरची मरोळची कंपनी

दहिसरच्या दवाखान्यात दुखरी दाढ धरून बसलेल्या शीतलच्या शेजारी दोन म्हातारे बोलत होते.

"दत्ताराम, तुझ्या खेळण्यातल्या रेल्वेसाठी बिअरच्या कारखान्याचं किट आणलेलंस ना? जोडलंस?"

"जोडलं. पण बिअर कशाला? पाट्या बदलून आपली मरोळची स्क्रूची कंपनी केली त्याची. गेट, गेटबाहेर मंडप, लाल बावटे, घोषणा देणारी वीस माणसं. एकदम झकास!"

"आणि आत मशीनं?"

"ती राहिलीच रे. युनियनचा सेक्रेटरी मी, आत कधी गेलोय?"

"मालगाडी तरी जाते ना आत?"

"कुठून जाणार? मंडप रुळांवरच चिकटवलाय."

"वहिनी काय म्हणाल्या?"

"म्हणाली, एक कंपनी बंद पाडून हौस फिटली नाही वाटतं?"