ओट्यावरचं खरं, भिंतीवरचं खोटं

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला एक सांगा — खरं बोललं की आपलं काम संपलं का? काय म्हणालात? संपलं? अहो काका, एवढी घाई! आधी गोष्ट तर ऐका!

कुडवंडी नावाचं भातशेतीचं गाव. तिथल्या तरुणांनी गावाची विकी काढली. विकी म्हणजे काय, आजी? फोनमधली गावाची भिंत! कुणीही लिहावं, कुणीही पुसावं. आणि त्याच गावात बियाण्यांचं दुकान चालवायच्या यमुनाताई खंडागळे. त्यांचा होता ब्लॉग. ब्लॉग म्हणजे आपल्या घराचा ओटा! तिथं बोलणार मालकीणच. बाकीच्यांनी फार तर खाली 'छान, छान' लिहायचं!

आता भिंतीवर 'साप चावला तर' असं एक पान. गावात झाडपाल्याचं औषध देणारे तात्या दरेकर, त्यांनी तिथं लिहिलं — पांढरी मुळी चावा, विष उतरतं! तात्यांना मान मोठा. वाचलं सगळ्यांनी, बोललं कोणी नाही. यमुनाताईंचा मात्र जीव जळला. का? त्यांचे वडील हीच मुळी चावत चावत गेले होते! दवाखाना जवळ होता, मंडळी — पण नेलंच नाही!

बाईनं ओट्यावर सगळं लिहिलं, नावानिशी. पार पुण्याच्या लोकांनी वाचलं. 'डोळ्यांत पाणी आलं, ताई!' वा! आणि भिंतीवर? मुळी जागच्या जागी! रडणारे रडले आणि जेवायला गेले.

मग बाई उठली. भिंतीवरची ओळ पुसली. तात्यांनी परत लिहिली. हिनं पुसली — त्यांनी लिहिली! शेवटी सरपंचांनी देवळात बैठक बोलावली.

"ताई, तुमचा ब्लॉग आहे ना? तिथं काय ते लिहा. ही सगळ्यांची जागा. इथं दोघांचंही राहू दे."

समजूतदार माणूस हो! जन्मभर भावकीची भांडणं मिटवलेली. निम्मं तुझं, निम्मं त्याचं! आणि पानावर आलं काय? 'मुळी चावावी किंवा दवाखान्यात जावं'!

यमुनाताई ताडकन उभ्या राहिल्या. "अण्णा, शेतात मधोमध बांध घालता येतो. विषात कुठं घालणार? सगळ्यांची जागा आहे, म्हणूनच तिथं खोटं चालणार नाही!"

लोक म्हणाले, बाई फार बोलते. तिचं भिंतीवर लिहिणंच बंद करून टाकलं!

आणि भात लावताना साप चावला — कुणाला? तात्यांच्या सुनेला, कुसुमला! नवऱ्यानं घाबरून पान उघडलं. मुळी किंवा दवाखाना! शेजारी बाप मुळी घेऊन उभा! एकदा फोनकडे बघतोय, एकदा बापाकडे!

तेवढ्यात कुसुम ओरडली, "मला गाडीत घाला! मी यमुनाताईंचं वाचलंय. मला मरायचं नाही!"

गाडी सुटली. इंजेक्शनं झाली. पोर वाचली! आनंद झाला ना? थांबा — पान अजून तसंच आहे!

कुसुम घरी आली. पाय सुजलेला, फोन हातात. सासऱ्यांच्या देखत तिनं मुळीची ओळ पुसली, दवाखान्याची ठेवली आणि खाली स्वतःचं नाव घातलं. तात्या लालबुंद! "माझं लिहिलेलं पुसतेस? मी परत लिहीन!"

"लिहा, मामंजी. मी परत पुसेन. उद्याही पुसेन. मला बंद केलंत, तर जावा आहेत, नणंदा आहेत!"

तात्यांनी फोन उचलला. सुनेच्या पायाकडे बघितलं... आणि ठेवून दिला. पटलं का त्यांना? मला नाही माहीत! पण ओळ परत आली नाही. यमुनाताईंनाही तरुणांनी गुपचूप पुन्हा लिहू दिलं.

म्हणून सांगतो, ओटा लागतोच! आपलं दुःख आपल्याच आवाजात सांगावं लागतं. त्यानंच कुसुमला जगवलं. पण ज्यानं ओटा पाहिलाच नाही, तो भिंतच वाचणार ना? मग भांडायचं कुठं?

आता तुमच्याकडे वळतो. हसू नका! तुमच्याही गावाचं असं पान आहे. येताना गाडीत वाचलं मी. तिथं लिहिलंय — गोवर आलेल्या लेकराला डॉक्टरकडे नेऊ नये, देवी कोपते. कुणी कुणी वाचलंय? हात वर करा... बापरे, एवढे! आणि पुसलं कुणी?

आता का माना खाली? देवी कोपायची असेल, तर माझ्यावर कोपू दे, हा मी इथं उभा आहे! पुजारीबुवा, आरतीचं तबक खाली ठेवा. देवाला थोडं थांबता येतं, तापानं फणफणलेल्या लेकराला नाही. काढा फोन!