म्हसोबाची बाटली

अरे, गोव्यात पोर्तुगीज होते आणि आपल्याकडे दारूबंदी, तेव्हाची गोष्ट. नवरा दुखण्यातून उठला म्हणून आमच्या आत्यानं रिहे गावच्या म्हसोबासाठी गोव्याहून दारूची बाटली घेतली. नवसच होता तसा. मी तिच्याबरोबर होतो. परतताना आपल्या हद्दीच्या नाक्यावर साहेबानं तिचं गाठोडं सोडलं; त्याच्यामागं एक बंदूकवाला शिपाई उभा.

“बाई, दारू न्यायला बंदी आहे.”

“मी कुटं पितीया? द्येव पितो.”

“देवाकडं परमिट आहे का? ओता इथंच, माझ्यासमोर.”

आत्यानं मला विचारलं, “म्हसोबा कुन्या अंगाला रं?”

मी उत्तरेकडं बोट दाखवलं. तिकडं तोंड करून तिनं डोक्यावर पदर घेतला, बूच काढलं आणि थांबली.

“ओता की!”

“वततीया. पर निवद हाय, आदी बूट काडा.”

साहेबानं बूट काढले. मागच्या बंदूकवाल्यानंही काढले.